एक्केचाळीस मिलिव्होल्ट

३ फेब्रुवारी

आजपासून दैनंदिनी. कारण सरळ लिहून टाकते, म्हणजे पुढे माझं चरित्र लिहिणाऱ्याची शोधाशोध वाचेल. संचालकांनी आज मला शिसेमुक्त पदार्थांच्या प्रकल्पाची प्रमुख केलं. दारावर पाटीही लागली. 'प्रमुख'मधल्या 'मु'चा उकार पुसट आला आहे. बदलून घेईन.

काम थोडक्यात असं. काही पदार्थ चुंबकाला दाद देतात, काही विजेला. आम्हाला दोघांनाही दाद देणारा एकच पदार्थ हवा आहे. चुंबकाचा जोर बदलला की त्यातून वीज निघाली पाहिजे. असे पदार्थ आहेत, पण ते एक तर दोन्ही घरच्या पाहुण्यासारखे उपाशी, नाहीतर त्यांत शिसं. आणि शिसं विषारी. आमच्या प्रयोगशाळेने वीस वर्षं शिसं कुटलं, चाळलं, भाजलं, त्यावर पेपर छापले. आता बंदी येणार म्हटल्यावर आम्हाला एकाएकी लहान मुलांच्या आरोग्याची काळजी वाटायला लागली आहे.

जेवताना सासूबाईंना सांगितलं. त्या पस्तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होत्या, शेवटची बारा वर्षं मुख्य. कौतुक करायची त्यांना सवय नाही.

"शिसं काढून काय घालणार?"

"बिस्मथ. आणि लोखंड."

"बिस्मथ? ते आम्ही जुलाबावर द्यायचो."

यांचा जहाजावरून फोन आला तेव्हा त्यांनी लेकाला बातमी दिली ती अशी: "तुझ्या बायकोला बढती मिळाली. जुलाबाच्या औषधातून वीज काढणार आहे."

११ फेब्रुवारी

माझ्या हाताखाली दोन माणसं. एक भट्टीमास्तर. वय अठ्ठावन्न, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून इथे आले आणि इथलेच झाले. भट्टी त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. बोलणं इतकं कमी की पहिले काही महिने मला ते बहिरे वाटत होते.

दुसरी कंत्राटी संशोधक मुलगी. हुशार आहे, पण प्रत्येक गोष्टीत 'पण'. मी मनात तिचं नाव शंका ठेवलं आहे. आज म्हणाली, "मॅडम, मोजणीच्या आधी एकदा नमुना न लावता मोजून बघू या का?" मी म्हटलं, "अगं, नमुना नसताना काय मोजणार? रिकाम्या पातेल्याची चव बघतेस का?" बोलून मलाच हसू आलं. ती हसली नाही. विनोदबुद्धी हवी माणसाला.

तिचं कंत्राट जूनअखेर संपतंय. तरी तोंडात 'पण'!

२ मार्च

आजवर तेवीस वड्या भाजल्या. वडी म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढी चकती. भुकटी खलायची, साच्यात दाबायची, भट्टीत भाजायची, दोन्ही अंगांना चांदीचा लेप द्यायचा आणि तारा लावायच्या. तेवीसच्या तेवीस मुक्या. मीटरवर शून्य, शून्य, शून्य.

संचालकांचा रोज निरोप येतो: "काही दाखवण्यासारखं?" संस्थेत सगळे त्यांना फोटोसाहेब म्हणतात. मीही म्हणते, फक्त इथे.

१९ मार्च

झालं! आज शंका रजेवर होती. नवं, जोरदार चुंबकाचं वेटोळं आलं होतं, ते मी स्वतः बसवलं. तारा जरा लांब होत्या, त्या तशाच मोकळ्या सोडून दिल्या. कोण कापत बसणार! वडी लावली, कळ दाबली आणि मीटरवर एक्केचाळीस मिलिव्होल्ट.

एक्केचाळीस! जगात या जातीच्या पदार्थाने एकाच्या वर डोकं काढलेलं नाही.

मी खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. भट्टीमास्तरांना हाक मारली. त्यांनी वडीकडे पाहिलंच नाही. ते तारांकडे पाहत राहिले. मी म्हटलं, "मास्तर, तुमच्या भट्टीचं सोनं झालं!" ते म्हणाले, "तारा फार पसरल्यात, मॅडम. रेडिओत अशा सोडल्या की गुणगुणतात."

सांगायची गोष्ट काय आणि यांना दिसतंय काय!

२१ मार्च

शंका आली. मी तिला आकडा दाखवला. तिने अभिनंदन केलं, पण लिंबू चोखल्यासारख्या तोंडाने. मत्सर म्हणत नाही मी. वय आहे तिचं.

जुन्या वड्याही पुन्हा लावून पाहिल्या. आठ लावल्या, आठही बोलल्या! मार्चच्या सुरुवातीला याच मुक्या होत्या. जुन्या वेटोळ्यात दम नव्हता, हे आता उघड झालं. एकीला तर उभा तडा गेलेला, तीही एक्केचाळीस. एक भट्टीत करपलेली, तीही एक्केचाळीस. किती कणखर पदार्थ! करपला तरी गुण सोडत नाही. शंका म्हणाली, "मॅडम, सगळ्या सारख्याच कशा?" मी म्हटलं, "यालाच म्हणतात पुनरावृत्ती. विज्ञानात ती चांगली समजतात."

चुंबकाची लय दुप्पट वेगवान केली तर उत्तरही बरोब्बर दुप्पट झालं. इतकी शिस्त मी माणसांत पाहिलेली नाही.

२७ मार्च

आज भट्टीमास्तरांनी घोळ घातला. मी बैठकीला गेले असताना त्यांनी तारा एकमेकींभोवती पिळून चिकटपट्टीने टेबलावर नीट बसवल्या. परत येऊन मोजते तर उत्तर सहावर! मी त्यांना सांगितलं, "मास्तर, तुमचं क्षेत्र भट्टी. टेबलाला हात लावायचा नाही." तारा होत्या तशा मोकळ्या केल्या. एक्केचाळीस परत आले. तेव्हा कुठे घोटभर पाणी प्यायले.

शंका मोजणीच्या वहीत कडेला पेन्सिलीने काहीबाही लिहिते. आजही लिहिलं. वही आहे की बसथांब्याची भिंत? प्रत्येक ओळीवर लाल शाईने 'नको' लिहून सही केली.

८ एप्रिल

पेपर पाठवला. पहिलं नाव माझं, दुसरं संचालकांचं, तिसरं शंकेचं. संचालकांनी पेपर वाचला नसावा, कारण परत देताना "छान जमलंय, विशेषतः आकृत्या" असं म्हणाले आणि मी त्यांना आकृत्या दिल्याच नव्हत्या.

मधले काही दिवस मी व्याख्यानांसाठी बाहेर होते. तेवढ्यात शंका आणि मास्तर यांनी माझ्या परवानगीशिवाय तीन वड्या वेगळ्या पद्धतीने भाजल्या. फार मंद आचेवर, फार वेळ. काळपट, कडेने उंदराने कुरतडल्यासारख्या. मी म्हटलं, "एक्केचाळीस देणाऱ्या सुंदर वड्या असताना ही ध्यानं कशाला?" पाहुण्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून त्या खणात टाकल्या.

२९ एप्रिल

पेपर स्वीकारला! दोन तज्ज्ञांनी तपासला. एकाने लिहिलंय, 'निष्कर्ष विलक्षण आहेत.' दुसऱ्याने तीन स्वल्पविराम सुचवले आहेत.

श्रवणयंत्रं बनवणारी एक कंपनी आमच्याशी करार करू पाहते. शिसं नसलेला, चुंबकावर चालणारा बारीक भाग त्यांना हवाच आहे. संचालक मला 'आपल्या मॅडम' म्हणायला लागले. कालपर्यंत 'त्या बाई' होते.

सासूबाईंनी विचारलं, "त्या मुलीला काय वाटतं?"

"कुठल्या?"

"जी 'पण' म्हणते ती."

"आई, तिला सगळ्यातच खोट दिसते."

"आमच्याकडेही होती तशी एक. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी तीनतीनदा वाचायची. सगळ्या हसायचो तिला," असं म्हणून त्या हातातलं विणकाम मोजायला लागल्या. गोष्ट पुढे काही सांगितली नाही. वय झालंय, मधेच विसरतात.

१४ मे

आज मोठे पाहुणे आले. मोठे म्हणजे खूपच मोठे. त्यांच्या आधी चार माणसं नुसती दारं उघडायला आली.

मोजणीच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा लावला होता. पाहुण्यांनी कळ दाबली की हिरवी रेघ उसळी घेणार, असा बेत. मी दोन मिनिटांत पदार्थाची महती सांगितली. निर्विष, स्वदेशी, कणखर. पाहुण्यांनी कळ दाबली. रेघ टुणकन वर! एक्केचाळीस! टाळ्या! पाहुण्यांना इतकं आवडलं की त्यांनी पाच वेळा कळ दाबली. पाचही वेळा रेघ उसळली. फोटोसाहेब प्रत्येक वेळी वेगळ्या कोनातून हसले.

एक गोष्ट मात्र खटकली. सगळा वेळ भट्टीमास्तर दारातून मला मूठ दाखवत होते, म्हणजे मूठ पुढे करायचे, उघडायचे, मिटायचे. फोटोत यायची हौस, दुसरं काय! मी डोळ्यांनीच त्यांना जायला सांगितलं. शंका त्यांच्याशेजारी उभी होती, पांढरीफटक. तिला गर्दी सोसत नाही.

आजचा दिवस आयुष्यात एकदाच येतो.

१५ मे

आज अक्षर वाईट येणार.

सकाळी भट्टीमास्तर माझ्या खोलीत आले. टेबलावर काड्यापेटी ठेवली आणि उघडली. आत वडी. कालची. पाहुण्यांना दाखवायची ती.

"काल सकाळी चांदीचा लेप सुटला होता, मॅडम. नवा लावायला काढली. ती वाळायच्या आत पाहुणे आले. सांगायला आलो होतो."

"मग काल तारांच्या चिमट्यांत काय होतं?"

"चिमटे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मी मधे खोडरबराचा तुकडा लावला होता."

लाज वाटते, पण खरं लिहायचं ठरवलं आहे: माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की खोडरबरातही हा गुण असेल का? इतकी मी बुडाले होते.

मग खोलीचं दार लावून घेतलं आणि मोजलं. वडी, एक्केचाळीस. खोडरबर, एक्केचाळीस. पुठ्ठा, एक्केचाळीस. चहाबरोबरचं बिस्किट, एक्केचाळीस. काहीच नाही, नुसती हवा, एक्केचाळीस.

वडीत काही नव्हतंच. वेटोळ्याचं चुंबक बदलतं आणि माझ्या लांब, मोकळ्या तारांतच वीज तयार होते. हे शाळेच्या पुस्तकात आहे. चौथ्या की पाचव्या धड्यात, आकृतीसकट. मी ते स्वतः शिकवलंय. लय दुप्पट केली की दुप्पट, हेही त्याच धड्यात, खालच्या ओळीत.

सगळ्या वड्या सारख्या निघाल्या, कारण मी एकदाही वडी मोजलीच नव्हती. मी तारा मोजत होते.

शंका दाराबाहेर उभी होती. आत ये म्हणायचं धैर्य झालं नाही.

१७ मे

संचालकांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं, मग पंखा वाढवला.

"म्हणजे शोध चुकीचा आहे असं तुमचं म्हणणं?"

"शोधच नाही, सर. खोडरबर आहे."

"हा शब्द कुठेही वापरू नका." थोडा वेळ त्यांनी भिंतीवरच्या, पाहुण्यांबरोबरच्या नव्या फोटोकडे पाहिलं. "बघा मॅडम, शोध चुकीचा नसतो. कधीकधी तो वेळेच्या आधी लागतो. आपण शांत राहिलो तर वर्षभरात लोक विसरतील."

"पेपर छापून येईल पुढच्या महिन्यात. कंपनी त्यावर यंत्र बनवायला घेईल. कानाचं यंत्र, सर. लोक कानात घालतील आणि त्यांना काहीही ऐकू येणार नाही."

ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मोजणीच्या वहीत मोजणाऱ्याच्या जागी सही कुणाची आहे?"

"त्या मुलीची."

"मग झालं तर. कनिष्ठ कर्मचाऱ्याकडून चूक झाली, प्रमुखांनी ती प्रामाणिकपणे उघड केली. तुमची मान उंचच राहील. तिचं कंत्राट तसंही संपतंय. तुम्ही एक पत्र द्या, बाकी मी बघतो."

मी 'नाही' म्हणाले नाही. 'विचार करते' म्हणाले. हेही इथे नोंदवून ठेवते.

१८ मे

रविवार. पत्राचा मसुदा लिहिला. चांगला उतरला, हेच वाईट. 'मोजणीतील एक प्राथमिक त्रुटी कनिष्ठ सहकाऱ्याच्या नजरेतून निसटली.' वाचताना मलाही ते खरं वाटायला लागलं.

पुराव्याला लागेल म्हणून मोजणीची वही घरी आणली होती. ती चाळली. तिची पेन्सिल पहिल्यांदा वाचली.

२२ मार्च: 'नमुना काढून एकदा मोजावे.' खाली लाल शाईत 'नको', माझी सही.
२५ मार्च: 'तडा गेलेल्या वडीत इतके येणे शक्य नाही. नमुना काढून मोजावे.' 'नको', माझी सही.
२७ मार्च: 'तारा पिळल्यावर ६. म्हणजे उरलेले ३५ कुठून आले?' 'नको', माझी सही.
२ एप्रिल: 'नमुना काढून मोजावे, कृपया.' 'नको', माझी सही.

त्या 'कृपया'वर माझी सही जरा मोठी आली आहे. घाईत असेन.

सासूबाई समोर बसून विणत होत्या. मी वही आणि पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचलं. मग विणकाम बाजूला ठेवलं.

"त्या बाटलीवाल्या मुलीचं सांगत होते ना तुला मागे? एकदा एका रुग्णाला चुकीचं औषध गेलं. दिलं होतं मी. रुग्ण वाचला, पण चौकशी झाली. मी म्हटलं, शिकाऊ मुलीने बाटली आणून दिली. तिने आणून दिली होती हे खरंच होतं. आणि देताना 'सिस्टर, एकदा चिठ्ठी बघा' असं म्हणालीही होती. ते मी सांगितलं नाही."

"मग?"

"मग काय? सगळ्यांनी लगेच मानलं. कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही मला. मुलीला काढून टाकलं." त्यांनी सुया पुन्हा उचलल्या. "लोक मानतात गं. त्याची काळजी करू नकोस."

इतकी वर्षं मी या बाईच्या हातचं जेवते आहे. ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नसावी, यांनाही नाही.

मसुदा फाडला. मोठं धैर्य वगैरे काही वाटलं नाही.

१९ मे

तीन पत्रं पाठवली. नियतकालिकाला: पेपर मागे घेत आहे, चूक माझी. कंपनीला: आमच्याकडे तुम्हाला देण्यासारखं काही नाही. संचालकांना: आधीच्या दोन्हींच्या प्रती.

मग शंकेला बोलावलं. काय बोलायचं ते आरशासमोर ठरवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. म्हटलं, "तू चारदा लिहिलं होतंस."

"पाच वेळा, मॅडम. एक तुम्ही खाडाखोड केलीत, ती वाचता येत नाही."

"ओरडून का नाही सांगितलंस?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तसं ती आधी कधीच पाहत नव्हती. "कंत्राटी माणसं पेन्सिलीनेच ओरडतात, मॅडम."

मला राग आला. खरं सांगते, आधी रागच आला.

५ जून

माझी पाटी काढली. ती खोली आता 'संस्थेची यशोगाथा' या छायाचित्र प्रदर्शनाला दिली आहे. मला स्वच्छता समितीचं अध्यक्ष केलंय. जिने आणि स्वच्छतागृहं माझ्या अखत्यारीत येतात. बसायला टेबल मोजणीच्या खोलीत, कोपऱ्यात.

कॅन्टीनमध्ये मी गेले की शेजारच्या टेबलावर कुणीतरी हटकून खोडरबर मागतं. पहिल्या दिवशी लागलं. चौथ्या दिवशी मी पर्समधून काढून दिलं.

मोठ्या पाहुण्यांना कुणी कळवलंच नाही. परवा त्यांनी कुठल्याशा भाषणात आपण स्वतः कळ दाबून वीज निर्माण केल्याचं सांगितलं.

१७ जून

गंमत ऐका. संचालकांनी नवं पत्रक काढलं आहे. 'स्वतःचा निष्कर्ष स्वतः तपासून मागे घेणारी संस्था: कठोर मोजणीचा नवा मानदंड.' वर त्यांचा फोटो, तारा हातात धरलेला. आता मानदंड म्हटला की तो चालवायला माणूस हवा. म्हणून शंकेचं कंत्राट एका वर्षाने वाढवलं. जे तिला हुशारीवर मिळालं नसतं, ते माझ्या मूर्खपणावर मिळालं.

ती मात्र खूश दिसली नाही. म्हणाली, "मग आता खरंच मोजू या."

२ जुलै

मोजणीचे सगळे कायदे आता तिचे. तारा आखूड आणि पिळलेल्या. वडीभोवती धातूचा डबा, भट्टीमास्तरांनी बिस्किटांच्या डब्यातून कापून केलेला. रोज सकाळी आधी रिकामी मोजणी, ती शून्य आली तरच पुढे. आणखी एक कायदा: चुंबक उलटं फिरवलं की खरं उत्तर उलटलं पाहिजे. न उलटणारं उत्तर भामटं.

माझ्या सगळ्या सुंदर वड्या एकेक करून लावल्या. सगळ्या मुक्या. शंका प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने वाचायची: शून्य. मी लिहायचे: शून्य. आज माझ्याच हातच्या एकतीस वड्यांची नोंद मी अशी केली. मधे एकदा ती म्हणाली, "चहा घ्यायचा का, मॅडम?" तिला माझी दया आली असावी. मी म्हटलं, "बारा राहिल्यात, आधी संपवू."

९ जुलै

खणातल्या तीन काळपट वड्यांपैकी दोन मुक्या. तिसरी लावली. शून्य पूर्णांक तीन.

शंकेने चुंबक उलटं केलं: उणे शून्य पूर्णांक तीन. वडी काढली: शून्य. पुन्हा लावली: तीन दशांश. मास्तरांनी तारा हलवून पाहिल्या, डबा ठोकून पाहिला. आकडा हलला नाही. दिवसभरात तिने तो चौदा वेळा मोजला आणि प्रत्येक वेळी त्याच्यावर नव्याने संशय घेतला. मी कोपऱ्यात बसून पाहत होते. संध्याकाळी तिने वहीत लिहिलं, शाईने.

एक्केचाळीसपेक्षा शंभर पटींहून लहान. भिंतीवरच्या पडद्यावर ही रेघ दिसणारसुद्धा नाही. पण वडी काढली की जाते आणि लावली की येते. त्या दोघांच्या मंद आचेत कण नीट जुळले असणार. शिसं तिळभरही नाही.

घरी सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "मिळालं ना? मग रडतेस का?" मी रडत नव्हते. म्हणजे मला वाटत नव्हतं.

२८ ऑगस्ट

त्याच पद्धतीने आणखी पाच वड्या भाजल्या. पाचांपैकी चार बोलल्या, प्रत्येक आपल्या आवाजात, थोडी कमी, थोडी जास्त. दुसऱ्या गावच्या एका प्रयोगशाळेला दोन पाठवल्या होत्या, त्यांनाही तेच आकडे मिळाले. छोटासा पेपर तयार झाला. पहिलं नाव तिचं, दुसरं मास्तरांचं, तिसरं माझं. आपलं नाव छापून येणार हे ऐकून मास्तर भट्टीपाशी जाऊन उगाच तिचं दार उघडझाप करत राहिले.

संचालक आज स्वतः मोजणीच्या खोलीत आले. "नवा पेपर तयार झाला असं ऐकतोय. माझं नाव कितवं?"

शंका उठून उभी राहिली. "सर, आता नियतकालिकच विचारतं, कुणी काय केलं ते. तुम्ही काय केलंत ते एका ओळीत लिहून द्या. लगेच घालते."

ते माझ्याकडे वळले. पूर्वी अशा वेळी मी मधे पडून सांभाळून घेत असे. मी जिन्याच्या सफाईचा अहवाल उघडला आणि वाचायला लागले.

"देतो," ते म्हणाले. "नीट विचार करून देतो."

१ सप्टेंबर

संचालकांची ओळ अजून आलेली नाही. विचार चालू आहे.

ओळ मलाही द्यायची होती. मास्तरांनी दोन मिनिटांत दिली: 'वड्या भाजल्या, तारा पिळल्या, डबा केला.' मी दुपारभर बसले. चरित्राला पुरेल इतकं लिहिणारी बाई, एक ओळ जमेना. शेवटी लिहिलं: 'सुरुवातीचे नमुने केले, चुकीचे मोजले, नंतर नोंदी ठेवल्या.'

शंकेने वाचलं. "हे असं नाही छापत ते, मॅडम," म्हणाली आणि त्याखाली तिच्या बारीक अक्षरात लिहिलं: 'नमुन्यांची पूर्वतयारी, नोंदी आणि मार्गदर्शन.'

मी कागद घेतला आणि 'आणि मार्गदर्शन' खोडलं. मनात होतं की ती म्हणेल, असू द्या, मॅडम.

तिने खोडलेला कागद पाहिला, मान हलवली आणि तशीच ओळ टाईप केली.